परतीची वाट

पावसाळा सरत आला की बदलापूर गावातल्या स्कूटरी चमत्कारिक वागू लागतात. हॉर्न दाबावा तर तो घसा खाकरून गप्प बसतो आणि इंडिकेटर मात्र डोळे मिचकावतो. ब्रेक लावावा तर मागचा लाल दिवा लाजल्यासारखा अर्धवट उजळतो आणि मीटरचे दिवे उगाच मलूल होतात. तक्रार एकाची, उत्तर दुसऱ्याचं. मालक बिचारा हॉर्न बदलतो, बल्ब बदलतो, शेवटी मोठ्या मनानं नवी बॅटरी घेतो. आणि स्कूटर आठवडाभर शहाण्यासारखी वागून पुन्हा मूळपदावर येते.

दोष बहुधा फार किरकोळ जागी असतो. वीज बॅटरीतून निघते, दिवा लावते, हॉर्न वाजवते. पण एवढ्यावर तिचं काम संपत नाही, तिला बॅटरीकडे परतायचंही असतं. जाण्यासाठी तिला रंगीबेरंगी तारा दिलेल्या असतात. परतीची बरीचशी भिस्त स्कूटरच्या लोखंडी अंगावर. बॅटरीचं ऋण टोक एका साध्या बोल्टानं सांगाड्याला जोडलं की कारखान्याच्या दृष्टीनं अर्थिंगचा प्रश्न मिटला. पण त्या बोल्टाखाली गंज धरला, की परतणारी वीज दारातच अडते. मग ती दुसऱ्याच्या बल्बमधून वाट काढते. हॉर्न दाबल्यावर मिचकावणारा इंडिकेटर बिघडलेला नसतो. त्याच्या अंगणातून कुणीतरी घरी जात असतं, इतकंच.

जुन्या स्कूटरींचं वेड वेगळं होतं. १९७२ साली बजाजची चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं तिची वाट पाहणारी माणसं तिच्या खोडी मुकाट्यानं सोसत. त्या काळच्या कितीतरी स्कूटरींचा पुढचा दिवा थेट मॅग्नेटच्या कॉईलवर चाले. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका उजेड. म्हणजे अंधारात खड्डा दिसावा म्हणून वेग वाढवायचा, दिसला म्हणून कमी करायचा, आणि कमी केला की खड्डा पुन्हा गडप. आमचे वडील अशा वेळी क्लच दाबून, जागच्या जागी रेस देऊन रस्ता न्याहाळत. मागच्या सीटवरून आई पदर सावरत विचारायची, "कुणाला ऐकवताय एवढं?" वडील उत्तर देत नसत. उजेड जपून वापरणाऱ्या माणसांना बोलणंही जपून वापरायची सवय असावी.

आताच्या स्कूटरींना उजेडाची ददात नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, भर दुपारीसुद्धा. ददात आहे ती प्रवासाची. बदलापूरच्या स्कूटरीचं आयुष्य घर ते स्टेशन एवढंच. सकाळी सेल्फचं बटण बॅटरीतून एका दमात जे उपसतं, ते भरून येण्याआधीच स्टेशन येतं. मग दिवसभर पार्किंगमध्ये उभं राहणं. बॅटरी अशी दमली की गाडी मिस्त्रीकडे जाते आणि तो व्होल्ट मोजायचं मीटर लावतो. बंद गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर हवी, रेस दिल्यावर चौदाच्या आसपास. आकडा हललाच नाही तर कॉईल किंवा रेग्युलेटर बघायचा. पंधरापलीकडे पळाला तर रेग्युलेटर गेला, आणि बॅटरी उकळण्याच्या वाटेवर. पण या सगळ्याआधी तो मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाला टेकवून म्हणतो, "काका, सेल्फ मारा." आकडा शून्याजवळ राहिला तर वाट मोकळी. अर्धा व्होल्ट दाखवला, की तो पाना आणि पॉलिश पेपर उचलतो.

गंजाला लागणारं पाणी इथं आपणहून येतं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरानं महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडवली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. पाणी ओसरतं, माणसं सुखरूप घरी पोचतात. वायरिंगच्या सॉकेटात शिरलेला ओलावा मात्र महिनोन्महिने हिरवा बुरा धरत बसतो. आणखी एक शत्रू म्हणजे हौस. दसऱ्याच्या पूजेआधी गाडीला झकास रंग मारून आणणाऱ्यांचे दिवे हमखास मंदावतात, कारण बोल्टाखाली गेलेला तो देखणा रंग वीज जाऊच देत नाही. मिस्त्री नवा रंग खरवडतो तेव्हा मालकाचा चेहरा पाहवत नाही. आणि काम झाल्यावर "एवढंच होतं?" असं विचारताना त्याच्या आवाजात आनंद कमी, आपल्या दुखण्याला पुरेसा मान न मिळाल्याची खंत जास्त.

या गावाला हे दुखणं परकं नाही. रात्रीच्या लोकलमधून चेपून आलेला माणूस घरात पाऊल टाकतो आणि दारातल्या पोराच्या चपलांवरून भडकतो. चपला बिचाऱ्या इंडिकेटरसारख्या. राग साहेबावरचा असतो, परतायला धड वाट न मिळाल्यानं त्यांच्यातून निघालेला. जुनीजाणती बायको चपलांकडे पाहतही नाही. "आज कुर्ल्यालाच उभं राहावं लागलं का?" एवढं विचारून चहा ठेवते, आणि माणूस हळूहळू बोलू लागतो.

हे मी मिस्त्रीला ऐकवलं. त्यानं बोल्टावर बोटानं व्हॅसलीन फिरवलं, सीट खाली दाबली आणि म्हणाला, "बरोबर आहे काका. फक्त घासून साफ केल्यावर वरून रंग मारू नका."