बेवारस रक्ताचा मुद्देमाल

चोर सापडला पण माल सापडला नाही, ही हळहळ जगातील प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दप्तरी नमूद असते, आणि माल सापडला पण चोर पसार झाला, ही कैफियतही तितकीच जुनी आहे. परंतु माल सापडला, तो साठवणारा इसम सापडला, साठवणीचे फ्रीज, रोख रकमेची बॅग आणि गिऱ्हाइकांची टोपणनावांनिशी यादीसुद्धा सापडली, आणि एवढे सगळे हाती लागल्यावर दहा वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवूनही गुन्हा तेवढा सापडला नाही, असा तपास पार पाडण्याचा मान स्पेनच्या राजधानीकडे जातो. व्यावसायिक सायकलशर्यतींतील उत्तेजकांचा छडा लावण्याचे प्रयत्न इतर राष्ट्रांनीही यथाशक्ति केले आहेत. परंतु त्यांच्या पोलिसांत घाई फार, आणि घाईने गुन्हा सिद्ध होऊन बसण्याचा धोका असतो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

फ्रान्सचेच पाहा. ८ जुलै १९९८ रोजी बेल्जमच्या सरहद्दीवर जकात अंमलदारांनी एक मोटार अडवली. मोटार फेस्टिना या घड्याळवाल्या कंपनीने पोसलेल्या संघाची होती, चालवणारा विली व्होएट हा त्या संघाचा मालिशवाला होता, आणि मालिशवाल्याच्या सामानात तेलाच्या बाटल्या असाव्यात अशी ज्यांची भाबडी समजूत असेल त्या अंमलदारांना आत इपीओ, वृद्धिसंप्रेरक, टेस्टोस्टेरॉन इत्यादि औषधांच्या चारशेहून अधिक कुप्या आढळल्या. तीन दिवसांनी डब्लिन येथे टूर द फ्रान्सचा प्रारंभ व्हायचा होता, तो यथासांग झाला. परंतु पुढल्या आठवड्यात संघाचे व्यवस्थापक ब्रुनो रूसेल यांनी पोलिसांपुढे सारे कबूल केले, संघाची हकालपट्टी झाली, आणि मग पोलीस एकेका संघाच्या मुक्कामाच्या हॉटेलात शिरून खोल्यांची झडती घेऊ लागले. गुन्ह्याचा संशय असलेल्यांना गुन्हेगारांसारखे वागवले जाते, या अनपेक्षित अन्यायाने सायकलपटू इतके व्यथित झाले की ते भर शर्यतीत रस्त्यावर ठाण मांडून बसले, आणि काही संघांनी तर झडतीपेक्षा घर बरे असे ठरवून प्रस्थानच ठेवले. निघाले होते १८९. पॅरिसला पोहोचले ९६. फेस्टिनाचा नायक रिशार व्हिरांक याने आपण निर्दोष असल्याचे अश्रू ढाळून सांगितले, आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ ते सांगत राहून अखेर ऑक्टोबर २००० मध्ये लील येथील न्यायालयात कबुली दिली. एवढा गाजावाजा करून फ्रेंचांनी काय मिळवले, तर सत्य. आणि ते घेऊन क्रीडासंस्थांनी काय करावे, हा प्रश्न उरलाच.

त्या मानाने २००२ सालचे प्रकरण अधिक कौटुंबिक आणि म्हणून अधिक हृद्य आहे. रायमोंदास रुम्शास हा लिथुआनियाचा सायकलपटू पॅरिसमध्ये तिसऱ्या क्रमांकाने पोहोचला, त्याच दिवशी त्याच्या पत्नीची औषधांनी भरलेली मोटार फ्रेंच जकात अंमलदारांनी पकडली. तेव्हा ही औषधे सासूबाईंसाठी आहेत, असा खुलासा पुढे आला. सासूच्या प्रकृतीसाठी जावयाने संप्रेरकांपर्यंत मजल मारावी, हे उदाहरण आपल्याकडील जावईवर्गापुढे आदर्श म्हणून ठेवण्यासारखे होते. परंतु पत्नी फ्रान्सच्या कोठडीत दोन महिन्यांहून अधिक काळ अडकून पडली असता जावईबापू त्या देशाच्या हद्दीत पाऊल टाकायला तयार झाले नाहीत, सबब आदर्शाला थोडा डाग लागला. त्याच वर्षी बेल्जमच्या फ्रँक व्हॅन्डेनब्रूक याच्या घरी सापडलेली औषधे कुत्र्यासाठी होती, असे त्याने सांगितले. कुत्र्याची जबानी घेतली गेली नाही.

आता माद्रिद. २३ मे २००६ रोजी ग्वार्दिया सिव्हिल या स्पॅनिश दलाने डॉक्टर युफेमियानो फुएंतेस यांना अटक केली. हे गृहस्थ पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्या सेवेचा लाभ घेणारे बहुतेक जण पुरुष आणि दणकट प्रकृतीचे होते, ही विसंगती शहरात कोणाच्या नजरेत भरली नव्हती. त्याच दिवशी लिबर्टी सेगुरोस या विमाकंपनीच्या संघाचे चालक मानोलो साइस हे रोख रकमेच्या बॅगेसह ताब्यात आले. आलोन्सो कानो रस्त्यावरील व दुसऱ्या एका रस्त्यावरील सदनिकांच्या झडतीत फ्रीज निघाले, आणि फ्रीजमध्ये माणसांच्या रक्ताच्या दोनशेहून अधिक पिशव्या. शर्यतीपूर्वी आपले रक्त काढून ठेवावे, शरीराने काही आठवड्यांत ती तूट भरून काढू द्यावी, आणि ऐन डोंगरचढाच्या वेळी तेच रक्त परत चढवून तांबड्या पेशींची व पर्यायाने प्राणवायूची चंगळ करावी, असा हा प्रयोग. आणि आपल्याच देहात आपलेच रक्त पकडण्याची खात्रीची चाचणी तेव्हा कोणत्याही प्रयोगशाळेपाशी नव्हती.

पिशव्यांवर नावे नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. नावे होती, ती माणसांची नव्हती एवढेच. एका पिशवीवर ‘बिरिल्यो’ असे लिहिलेले, आणि हे इटलीच्या इवान बास्सोच्या कुत्र्याचे नाव; दुसरीवर ‘वाल्व. पिती’, आणि पिती हा स्पेनच्या अलेहान्द्रो वाल्वेर्देचा कुत्रा; तिसरीकडे ‘रुदिसिओचा मुलगा’, म्हणजे रूडी पेव्हनाज या सल्लागाराच्या पंखाखालचा जर्मन विजेता यान उलरिख. गुप्तता राखण्यासाठी इतका बुद्धिवैभवाचा खर्च करावा आणि तो घरच्या कुत्र्यापाशी येऊन थांबावा, यावरून या खेळात फुप्फुसांनाच महत्त्व किती आहे ते कळून येते. बास्सोने तर या तपासाच्या पाचच दिवसांनी इटलीची जिरो शर्यत नऊ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली, आणि पुढच्या वर्षी कबुलीजबाब दिला तोही असा की, पिशवीतले रक्त माझे खरे, परंतु ते मी परत चढवले नाही. माझ्या मनात फक्त इरादा होता. इराद्याबद्दल त्याला दोन वर्षांची बंदी झाली. केवळ इराद्याने नऊ मिनिटे मिळत असतील, तर कृतीने काय मिळाले असते याचे त्रैराशिक वाचकांनी मांडावे.

परंतु या प्रकरणाची खरी थोरवी यापुढे आहे. पुरावा दडवायचा तर तो कोठे दडवावा, हा प्रश्न जगभरच्या आरोपींना छळत आलेला आहे: जाळावा तर धूर दिसतो, पुरावा तर माती उकरल्याचे दिसते. माद्रिदने या प्रश्नाचे निर्णायक उत्तर शोधून काढले. पुरावा न्यायालयाच्या मुद्देमालात ठेवावा. एकदा तो तेथे गेला की त्याला सीलबंद करून सन्मानाने जपले जाते, आणि खटला चालू आहे तोवर खेळाच्या शिस्तभंग-कारवाईसाठी कोणी त्याचा उपयोग करू नये, असे तपासन्यायाधीशांनीच बजावल्यामुळे आरोपींच्या वकिलांना तेवढेही श्रम पडत नाहीत. खटला चालू नसेल तरीही अडचण नाही: या न्यायाधीशांनी तो दोनदा दप्तरी दाखल केला आणि दोनदा वरिष्ठ न्यायालयाने तो पुन्हा उघडायला लावला, आणि या उघडझापीत रक्त फ्रीजमध्ये जसेच्या तसे राहिले. पोलिसांनी कष्टाने गोळा केलेला तो सारा पुरावा अशा रीतीने पोलिसांच्याच यशामुळे निरुपयोगी झाला. तपास थोडा ढिला झाला असता, दहा-वीस पिशव्या एखाद्या बातमीदाराच्या हाती लागल्या असत्या, तर कदाचित बरीच नावे महिन्याभरात चव्हाट्यावर आली असती.

ज्यांना धीर धरवला नाही त्यांनी मागल्या दाराने वाट काढली. जर्मन सरकारी वकिलांनी उलरिखचा लाळेचा नमुना माद्रिदच्या रक्ताशी ताडून पाहिला आणि नऊ पिशव्या त्याच्या ठरल्या. परंतु तोवर तो निवृत्त झालेला होता, आणि लोझानच्या क्रीडा लवादाने २०१२ मध्ये त्याला दोन वर्षे शर्यतीत भाग घेण्यास मनाई केली, तेव्हा त्याने शेवटची शर्यत सोडून पाचाहून अधिक वर्षे लोटली होती. मनाईचे त्याच्याकडून तंतोतंत पालन झाले. इटालियनांची युक्ती याहून सरस. जुलै २००८ मध्ये टूर द फ्रान्स वाटेत इटलीच्या हद्दीत शिरली, तेव्हा तेथील ऑलिंपिक समितीने वाल्वेर्देचे रक्त तपासणीसाठी घेतले आणि ते माद्रिदच्या अठरा क्रमांकाच्या पिशवीशी जुळल्याचे जाहीर करून २००९ मध्ये त्याला इटलीपुरती दोन वर्षांची बंदी घातली. म्हणजे आल्प्सच्या अलीकडे जो दोषी, तोच पलीकडे निर्मळ. त्याच वर्षीची टूर इटलीतून जाणार असल्याने तो तिला मुकला, आणि त्याच वर्षी स्वदेशाची व्हुएल्ता शर्यत त्याने जिंकली. इतके दिवस हद्दीचा वाद आपण दोन पोलीस ठाण्यांतच पाहत आलो होतो. येथे तो एका माणसाच्या दोन शिरांत सुरू झाला. पुढे बंदी सर्व देशांत लागू झाली, ती भोगून तो परतला, आणि २०१८ साली इन्सब्रुक येथे जगज्जेता झाला.

प्रत्यक्ष सुनावणीला मुहूर्त लागला तो जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे अटकेनंतर साडेसहा वर्षांनी. आरोप होता सार्वजनिक आरोग्याला धोका पोहोचवल्याचा. कारण उत्तेजकांच्या व्यवहाराला गुन्हा ठरवणारा कायदा स्पेनने छापा घातल्यावर सहा महिन्यांनी, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केला होता. डॉक्टर फुएंतेस यांनी साक्षीत सांगितले की आपल्या सेवेचा लाभ केवळ सायकलपटूच घेत नव्हते, फुटबॉलपटू, टेनिसपटू, धावपटू, मुष्टियोद्धे, सारेच घेत होते, आणि न्यायालयाची इच्छा असेल तर प्रत्येक पिशवी कोणाची हे ओळखून सांगायला आपण तयार आहोत. जगाच्या न्यायेतिहासात आरोपी नावे सांगायला उत्सुक आणि न्यायालय ती ऐकायला नाखुष, असा प्रसंग विरळा. न्यायाधीश हूलिया पात्रिसिया सांतामारीया यांनी आरोपीवर अशी नावे सांगण्याचे बंधन नाही, असे सांगून त्याला त्या श्रमांतून मुक्त केले. निकालात डॉक्टरांना एक वर्षाची, अंमलबजावणी स्थगित केलेली शिक्षा झाली आणि रक्ताच्या पिशव्या नष्ट कराव्यात असा हुकूम झाला. ज्याला रक्त सांभाळल्याबद्दल दोष द्यायचा त्याला घरी, आणि ज्यात दोषाचा पुरावा त्या रक्ताला मृत्युदंड, ही समतोल वाटणी पाहून क्रीडासंस्था हादरल्या व अपिलात गेल्या.

अपिलाचा निकाल जून २०१६ मध्ये आला, छाप्याला दहा वर्षे पूर्ण होऊन तीन-एक आठवडे झाल्यावर. वरिष्ठ न्यायालयाने एक सूक्ष्म भेद पाडला: कायद्यात शिक्षा आहे ती औषधांच्या गैरव्यवहाराला, आणि माणसाचे रक्त हे औषध नव्हे, सबब डॉक्टर निर्दोष. पिशव्या मात्र नष्ट न करता क्रीडासंस्थांच्या हवाली कराव्यात, असेही न्यायालयाने फर्मावले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्यांची चिकित्सा केली आणि २०१९ मध्ये जाहीर केले की अकरा खेळाडूंची ओळख पटली आहे, दहा पुरुष आणि एक स्त्री. परंतु कारवाईची दहा वर्षांची मुदत संपली असल्याने त्यांची नावे सांगता येत नाहीत. डॉक्टर सांगायला तयार होते तेव्हा ऐकणारे नव्हते. ऐकणाऱ्यांना कळले तेव्हा सांगण्याची मुभा नव्हती. या साऱ्या प्रकरणाची वाट ज्याने प्रथम दाखवली तो हेसूस मान्सानो हा स्पॅनिश सायकलपटू, जो २००३ च्या टूरमध्ये मोर्झिनच्या वाटेवर कोसळला होता आणि ज्याने पुढच्या वर्षी वृत्तपत्रातून आपल्या संघातील प्रकार स्वतःच्या नावानिशी उघड केले, त्याचे नाव तेवढे सर्वांना ठाऊक आहे.

सबब तमाम लोकांस या सदराद्वारे कळविण्यात येते की, ज्या कोणा इसमाचे रक्त मे २००६ पूर्वी माद्रिद मुक्कामी उपरोक्त फ्रीजमध्ये राहून गेले असेल आणि ज्याने अद्याप त्यावर हक्क सांगितलेला नाही, त्याने निःशंक मनाने पुढे येऊन आपल्या पिशवीची ओळख द्यावी. कुत्र्याचे नाव सांगितले तरी चालेल. त्याच्यावर क्रीडासंस्थांकडून कोणतीही कारवाई होणार नाही. मुदत संपलेली आहे.