कोपरची प्रयोगशाळा

समाजात विज्ञान रुजलं नाही म्हणणाऱ्यांनी शनिवारी कोपर स्टेशनबाहेर यावं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर ताजं लिंबू आणि सात मिरच्या. आतल्या संगणकाला व्हायरस लागू नये म्हणून. वैज्ञानिक दृष्टिकोन हे १९७६ पासून घटनेतलं कर्तव्य आहे, ते आम्ही दर आठवड्याला नव्याने टांगतो. २१ सप्टेंबर १९९५ला अख्ख्या देशाने गणपतीपुढे दुधाचा चमचा धरून पृष्ठताणाचा प्रयोग केला. २००६मध्ये माहीमचं समुद्राचं पाणी पिऊनच गोड ठरवलं. प्रयोगशाळेचे अहवाल काय, सवडीने येतात. आता रेल्वेने कोपर स्टेशनात वर वसई मार्गाच्या आणि खाली कल्याण मार्गाच्या सिग्नलनाही मिरच्या बांधाव्यात, म्हणजे बिघाड मिटले. दुकानदार पक्का विज्ञाननिष्ठ. लिंबू चोरीला जाऊ नये म्हणून त्याने वर सीसीटीव्ही बसवलाय.