चक्का, रविवार आणि बापूकाकाची म्हैस

श्टुटगार्ट

ती. आईस सा. न.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि निम्म्यात आजी फोन ओढून घेते, म्हणून लिहितेय. बाळराजे पिऊन झोपलेत, तुझे जावई जिना झाडतायत. इथे बिल्डिंगचा जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, दारावर तशी पाटीच लटकते. हे त्यांच्या आईला कळवू नकोस.

ताप उतरलाय. आणि बापूकाकाला सांग, मी त्याची म्हैस नाही. "दगडी झाली असेल, कास तपासा" हे फॅमिली ग्रुपवर लिहायची काही गरज होती? सासरच्या समस्त मंडळींनी वाचलं. वाईट याचं वाटतं की निदान बरोबर होतं. उजवीकडे दूध तटलं, लालभडक चट्टा उमटला, आणि संध्याकाळी अशी हुडहुडी भरली की सोलापुरी चादरी कमी पडल्या.

तू म्हणालीस, त्या बाजूचं पाजू नकोस, पिळून टाक, तव्यावर फडकं तापवून शेक. आजी म्हणाली, दृष्ट. इथे विम्याच्या खर्चाने सुईण घरी येते, बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत. ती नेमकं उलटं म्हणाली. दोन्हीकडे नेहमीसारखं पाजायचं, त्या दुधाने बाळाला काही होत नाही. पाजणं एकदम तोडलं तर आणखी तटतं, गळू व्हायची भीती. पण पंपाने उपसत बसायचं नाही, कारण काढावं तेवढं शरीर नव्याने बनवतं. गाठ रगडायची तर मुळीच नाही, आतली सूज वाढते. आणि शेक नको, गारवा हवा. कशाचा, तर चक्क्याचा! इथला क्वार्क म्हणजे आपला चक्काच गं. पाजून झालं की फडक्यात पसरून छातीवर ठेवायचा, बोंड सोडून. उरलेल्याचं श्रीखंड करू का, असं जावयाने विचारलं तेव्हा मी तापातही उठून बसले.

त्यात तो रविवार. रविवार विश्रांतीचा, हे यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय, १९१९ पासून. दुकानं बंद, ड्रिल बंद. मागे एका रविवारी मी शेंगाचटणी कुटायला घेतली, तर खालच्या आजीबाई गाऊनवर वर आल्या. आयबुप्रोफेनची साधी गोळी इथे किराणा दुकानात मिळत नाही. औषधाची दुकानंही रविवारी पाळीपाळीने उघडी. उघडी म्हणजे दार बंदच, त्यात थिएटरच्या तिकीट खिडकीएवढी फट. घंटी वाजवायची, गोळीचे पैसे द्यायचे, वर अडीच युरो रविवारचे. म्हणजे अडीचशे रुपये धर! नुसती फट उघडायचे! बाबांना सांग, आपले डॉ. कोटणीस १९३८ साली जखमींसाठी पार चीनला गेले, इथे गोळीसाठी पूर्ण दार उघडत नाहीत.

दुसऱ्या दिवशीही ताप हटेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाजणाऱ्या आईला चालणारं अँटिबायोटिक दिलं. कोर्स पुरा करतेय. गाठ राहिलीच तर सोनोग्राफी करतात, पू असेल तर सुईने काढतात. तशी वेळ आली नाही. हे आजीला वाचून दाखवू नकोस, मीठ-मोहऱ्या घेऊन विमानात बसेल.

खरं सांगू? त्या रात्री मला चक्का नको होता. तुझी शेगडी, ओव्याची धुरी आणि "ताप अंगावर काढायलीस, अक्कल हाय का" एवढं हवं होतं. चुकीचा शेक दिला असतास तरी घेतला असता.

पार्सल पोचलं. डिंकाचे लाडू निम्मे जावयाने खाल्ले, बाळंतीण कोण तेच कळेना. कडक भाकरीचा चुरा झालाय, पण दह्यात झकास लागतो. मंदाआत्याच्या पोराने परत मुलगी नाकारली? त्याला म्हणावं, आरसा विकत मिळतो. ताईची पोरं गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून ओकली, ते बरं झालं, ती लहानपणी माझ्यावर ओकली होती.

तर संक्रांतीच्या आत फोन कर आणि एवढंच सांग: बोरन्हाणाला इथे बोरं नाहीत, ब्लूबेरी आहेत. चालतील का? आजीला विचार, पण फोन तिच्या हातात देऊ नकोस.

तुझी,
पिंकी