रॅमभाऊ

यवतमाळात लॅपटॉप मिळतो दत्त चौकाकडच्या दुकानांत, पण ठरतो रॅमभाऊंच्या ओट्यावर. असा एक माणूस इथल्या प्रत्येक कॉलनीत असतो. पोटापाण्यासाठी तो जिल्हा परिषदेत बाबू असेल, पतसंस्थेत रोखपाल असेल, नाहीतर शाळेत गणित शिकवत असेल. बारशाचं नाव काहीही असो, समोरच्यानं लॅपटॉपचं नाव काढताच तो ‘रॅम किती?’ असं विचारतो आणि कॉलनीच्या लेखी कायमचा रॅमभाऊ होतो.

आमच्या रॅमभाऊंचा हंगाम सीईटीच्या निकालानंतर सुरू होतो. कॅपच्या फेरीत पोराचा नंबर लागतो, कॉलेज ऑगस्टात उघडतं, आणि कापूस तर दसऱ्यानंतर घरात येणार! घाटंजी-कळंबकडचा बाप या विवंचनेत ओट्यावर येऊन टेकतो. म्हणून रॅमभाऊ हार्डवेअर रुपयांत मोजत नाहीत, क्विंटलमध्ये मोजतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव ८,११० रुपये. तेव्हा आय-फाइव्हवरून आय-सेव्हनवर उडी म्हणजे दीड-दोन क्विंटल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे आणखी अडीच. हमीभावानं विकला गेला तर. व्यापाऱ्याच्या भावानं गेला तर तीन धरा.

“भाऊ, पोट्टं म्हंते आय-सेव्हनच पाह्यजे.”

“कोणता आय-सेव्हन? नंबरच्या शेपटीले यू हाय का एच?”

बाप पोराकडे पाहतो, पोरगा फोनकडे. मग ओट्यावर वर्ग भरतो. यू म्हणजे वीज कमी खाणारा, एच म्हणजे जोरकस. एचवाला आय-फाइव्ह यूवाल्या आय-सेव्हनला कितीदा तरी मागे टाकतो. इंटेलनं २०२३ मध्ये नव्या प्रोसेसरांच्या नावातला ‘आय’ काढून टाकला, यवतमाळनं अजून काढलेला नाही, हेही जाता जाता कानावर घातलं जातं.

“आन् ग्राफिक्स कार्ड कायले?”

“कोडिंगले,” पोरगा म्हणतो.

“हाव. नाव सांग बरं त्या कोडिंगचं. मारामारीचं हाय का गाड्यांचं?”

अडीच क्विंटल कापूस तिथल्या तिथे वाचतो.

रॅमभाऊंचा खरा जीव एसएसडीवर. मिनिटाला ५,४०० फेरे मारणारी जुनी हार्ड डिस्क काढून त्यांनी अर्ध्या कॉलनीचे अंथरुणाला खिळलेले लॅपटॉप उठवून बसवलेत. प्रोसेसर भारी आणि डिस्क जुनी, असं कुणी सांगितलं की ते शकुंतला रेल्वेवर येतात. “१९९४ मध्ये शकुंतलेचं वाफेचं इंजिन काढलं, डिझेल लावलं. धावली का गाडी? रूळ तेच होते नं बाप्पा!” यवतमाळ-मूर्तिजापूरच्या त्या अरुंद रुळांवरून ज्यानं एकदा प्रवास केलाय, त्याला पुढचं समजावावं लागत नाही.

ते सोबत आले की दुकानदाराला घाम फुटतो. एसीतला लॅपटॉप उचलून रॅमभाऊ थेट दुकानाबाहेर उन्हात धरतात. अडीचशे निट्सच्या पडद्यात यवतमाळच्या उन्हात गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड तेवढं दिसतं. रंगही असे की कुंकू विटकरी वाटावं. मग बॅटरी किती वॉट-अवरची, कारण लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. ‘ऑनसाइट’ वॉरंटीतली साइट यवतमाळातली, की अमरावतीपर्यंत मशीन आपणच न्यायचं? आणि शेवटी मागचं झाकण उघडून दाखवा: रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे, की रॅम बोर्डालाच सोल्डर करून टाकलीय? झाकणापाशी येईस्तो दुकानदारानं दोनदा चहा मागवलेला असतो, एकदाही स्वतः प्यायलेला नसतो.

“जे मागून टाकता येते, त्याच्यावर आज पैसा घालू नोको. जे मागून बदलता येत नाही, थे आजच चांगलं घे.” म्हणजे पडदा, कीबोर्ड, प्रोसेसर आजच, रॅमची दुसरी पट्टी आणि मोठी एसएसडी कापूस विकल्यावर. माझ्या मते लॅपटॉपविषयी याहून शहाणं वाक्य कुठल्याच जाहिरातीत सापडणार नाही. जाहिरातीतला कीबोर्ड सात रंगांत पेटतो, एवढंच.

पण २०२५च्या अखेरीस घात झाला. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी अशी उसळली की जगभर रॅम महागली, पाठोपाठ एसएसडीही. ‘आठ जीबीचा घे, बाकी मागून टाकू’ हे ऐकून ऑगस्टात गेलेले बाप कापूस विकून ओट्यावर परतले, आणि पट्टीचा नवा भाव ऐकून ओट्यावरच बसून राहिले. “सिद्धांत बरोबर होता, भाव चुकला,” रॅमभाऊ म्हणाले. शेतकऱ्यांना हे वाक्य काही नवं नव्हतं. दरवर्षीच ऐकतात.

रॅमभाऊंच्या घरची कथा तर आणखी निराळी. खुद्द त्यांच्या मुलीला लॅपटॉप घ्यायचा होता, आणि जूनपासून एक्सेलमध्ये तुलनेचा तक्ता वाढत होता. आधी नवीन पिढीचा प्रोसेसर येतोय म्हणून थांबले, मग दसऱ्याचा सेल, मग दिवाळीचा, मग रॅमचे भाव उतरू दे. पहिलं सेमिस्टर पोरीनं मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काढलं. शेवटी एका शनिवारी मायलेकी दुकानात गेल्या. मुलीनं लॅपटॉप हातात घेऊन वजन पाहिलं, बिजागरी दोनदा उघडमिट केली, सोळा जीबी आहे ना एवढं विचारलं; आईनं बॅग फुकट मागून घेतली. अर्ध्या तासात बिल. रात्री रॅमभाऊंनी तो लॅपटॉप तक्त्यात शोधला, तर दुसऱ्या क्रमांकावर निघाला. पहिल्या क्रमांकाचा अजून भारतात यायचा आहे.

तर राजेहो, रॅमभाऊंकडे जरूर जा. इतका चोख सल्ला आणि तोही फुकट, दुसरीकडे मिळणार नाही. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, किमान ३०० निट्सचा पडदा, एक रिकामा स्लॉट, एवढं कागदावर उतरवून घ्या. त्यापुढे ते ‘दोन महिने थांबा’ म्हणाले, की चहा यायच्या आत उठा आणि दुकान गाठा.