बघायलाव का घ्यायलाव?

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, लालकंधारी नि देवणी जनावरं, कुस्त्या, लावणी असा मोठा पसारा असतो. आम्हा भोकरवाल्यांना आधी नांदेड, मग लोहा, मग माळेगाव. जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर पडतात. त्या दिवसांत तूर काढणीला आलेली असते, वेचायला माणूस मिळत नाही म्हणून कापूस बोंडातच लोंबत असतो आणि हरभऱ्याला पाणी द्यायला लाइट नेमकी रात्रीची असते. हे सगळं जिथल्या तिथं टाकून, ज्याच्या सात पिढ्यांत कोणी घोडा पाळला नाही असा गृहस्थ घोडा बघायला निघतो. त्याचा जाहीर सत्कार अजून कोणत्याही संस्थेनं केलेला नाही. ती उणीव भरून काढणं भाग आहे.

मराठ्यांच्या फौजेत स्वारांच्या दोन जाती होत्या. सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन यायचा तो शिलेदार. ज्याला सरकारनं घोडा दिला नाही आणि ज्याच्या बापानंही ठेवला नाही, अशा तिसऱ्या वर्गाची इतिहासानं नोंदच घेतली नाही. तो वर्ग माळेगावला एकत्र जमतो आणि संख्येनं पहिल्या दोघांना सहज मागं टाकतो.

घोड्याचं खरं मोल यालाच कळतं, आणि त्याला कारण आहे. विकणारा खोटं बोलणार, कारण त्याला पैसे घ्यायचेत. घेणारा नावं ठेवणार, कारण त्याला पैसे द्यायचेत. ज्याच्या खिशात परतीच्या एसटीपुरते पैसे आहेत, तो एकटाच निःपक्षपाती. न्यायाधीश याहून वेगळा काय असतो?

त्याची परीक्षा बघण्यासारखी असते. कानांची टोकं एकमेकांकडं वळून भिडली की तो ‘मारवाडी’ म्हणून निकाल देतो. काठेवाडीचे कानही असेच भिडतात. पण जातीच्या बाबतीत आपल्याकडं फेरविचाराची पद्धत नाही. घोड्याची उंची खांद्याच्या उंचवट्यापर्यंत इंचात मोजतात. आमचा तज्ज्ञ ती कानाच्या शेंड्यापर्यंत धरतो, त्यामुळं त्यानं पाहिलेला प्रत्येक घोडा इतरांनी पाहिलेल्या घोड्यापेक्षा मोठा भरतो. गळ्यावरचा भोवरा म्हणजे देवमण, शुभ; डोळ्याखालचा अशुभ. हे तो शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला समजावून सांगतो आणि तो अनोळखी माणूस पुढच्या दावणीला तेच तिसऱ्याला सांगतो. शालिहोत्राच्या अश्वशास्त्राची परंपरा अशी अखंड चालू आहे.

दाताचं शास्त्र जरा नाजूक आहे. अडीच वर्षांच्या सुमारास घोड्याचे पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के येतात आणि पाचव्या वर्षापर्यंत समोरची ओळ पुरी होते. एवढं कळायला तोंड उघडून बघावं लागतं. घोडा या कामी सहकार्य करत नाही. म्हणून आमचे जाणकार चार हात लांबूनच वय सांगतात.

भावाचंही तसंच. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून सौदा करायची जुनी रीत आहे. आकडा तिसऱ्याला कळू नये हाच तिचा हेतू. भोवतीच्या गर्दीला तो न बघताच कळतो आणि पाच जणांना पाच वेगळे कळतात. त्यात सारंगखेड्याची घोडेयात्रा दत्तजयंतीला, म्हणजे माळेगावच्या पंधरवडाभर आधी सुरू होते. तापीकाठच्या लाखा-कोटींच्या घोड्यांचे व्हिडिओ तोवर मोबाइलवर पाठ झालेले असतात. कोटीचा म्हणून गाजलेला घोडा पुष्कळदा विकायचाच नसतो आणि त्याला बघणाऱ्याला तो घ्यायचाच नसतो. इतका स्वच्छ, बिनवादाचा व्यवहार मोंढ्यात सोयाबीनचाही होत नाही.

आता एक आकडा. २०१२ साली देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या पशुगणनेत ती तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक घट. तज्ज्ञांची गणना सरकार करत नाही, पण एकेका घोड्याभोवतीचं कडं पाहता त्यांची पैदास उत्तम चालली आहे. ज्याला वैरण लागत नाही, नाल लागत नाही, ज्याचं पोट दुखलं तर रात्री जनावरांचा डॉक्टर उठवावा लागत नाही, असं हे एकच घोड्याशी संबंधित जनावर टिकून आहे.

काही कोत्या मनाचे लोक विचारतात, की घरी पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उभा असताना एका घोड्यासाठी एवढं डिझेल का जाळायचं? त्यांना भक्ती कळत नाही. पन्नास घोडे अंगणात धूळ खात उभे असतात, कारण त्यांचे हप्ते आपण भरतो. ज्याचा हप्ता दुसरा भरतो त्या घोड्याकडंच निर्मळ मनानं बघता येतं. शिवाय खंडोबा स्वतः घोड्यावर बसतो. त्यानं ट्रॅक्टर घेतल्याचं कुठं ऐकिवात नाही.

घोडेवाल्यांना मात्र या सेवेची कदर नाही. “काय सांगितलाव मालक, याचं?” असं दिवसभर विचारून लोक पुढं सरकतात, तेव्हा एखादा वैतागलेला मालक लगाम न सोडता उलट विचारतो, “बघायलाव का घ्यायलाव?” हा प्रश्न अपमानाचा समजू नये. “सध्या बघायलाव” एवढंच शांतपणे सांगावं. त्या ‘सध्या’त पुढच्या दहा यात्रांची सोय होते.

तेव्हा यंदा तुरीचा विचार न करता जरूर या. उंची सांगा, वय सांगा, भाव पाडा, घोडा नापास करा. फक्त हे सगळं करताना घोड्याच्या मागं उभं राहू नका. त्याला नेमकं पाठीमागचं दिसत नाही, आणि त्याचं मत तो कोणाला विचारून देत नाही.