मागच्या सीटवर बसून भाव करा

पाऊण कोटीची क्रॉसओव्हर बघायला गेलेलं कुटुंब शोरूममध्ये सगळ्यात आधी काय उघडतं? छत. पोरगं सीटवर उभं राहतं, डोकं बाहेर काढतं, आई फोटो काढते आणि सौदा तिथेच अर्धा पक्का होतो. पुढचे दोन तास दिव्यांचे रंग, स्पीकरची संख्या, पडद्याची लांबी. मागे बसणाऱ्याचा जीव या गाडीत कशाने वाचतो, हे कोणी विचारत नाही. ही गाडी घेणारा बहुतेक वेळा मागेच बसणार असतो, तरी विचारत नाही. मला याचा राग येतो. महाराष्ट्राने याची किंमत उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे.

४ सप्टेंबर २०२२, रविवार. अहमदाबाद–मुंबई महामार्गावर पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर एक मर्सिडीज जीएलसी कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल मागे बसले होते. दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. जीएलसी ही आपण जिच्याबद्दल बोलतोय नेमकी त्याच वर्गातली गाडी, आणि सुरक्षेच्या बाबतीत नावाजलेली. गाडी थांबली तरी आतलं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं, हा शाळेतला नियम गाडीची किंमत बघून बदलत नाही. एअरबॅगसुद्धा पट्टा लावलेला आहे असं धरूनच बनवलेली असते.

तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने १९५९ साली गाडीत आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर सगळ्यांना खुलं करून दिलं. म्हणून सहा लाखांच्या गाडीतही तो आहे. सगळ्यात मोठं फीचर सगळ्यांना मिळालेलं आहे, आणि आपण ते सीटच्या फटीत खुपसून ठेवतो. वर त्याचा आवाज बंद करायला क्लिप विकत घेतो! २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावावं लागलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली पट्टा न लावलेली १६,७१५ माणसं या देशात गेली. त्यातले ८,३३१ जण गाडी चालवत नव्हते, नुसते बसले होते. मागच्या सीटवरही पट्टा बंधनकारक आहे, दंड हजार रुपये. सोसायटीच्या गेटपासून विमानतळापर्यंत किती जण तो लावतात, तुम्हीच बघा.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंग धरण्याआधी मागे बसा. पट्ट्याची कुलपं गादीत बुडालेली आहेत की आजीच्या हाताला सहज सापडतात? मधल्या सीटचा पट्टा खांद्यावर नीट बसतो का? मागे कोणी पट्टा लावला नाही तर गाडी बोंबलते का, आणि किती वेळ? मागच्या बाजूंना एअरबॅग आहेत का? लहान मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक किती जागांवर आहेत? सेल्समनला यातलं काही ठाऊक नसेल, तर माहिती काढेपर्यंत त्याला चेक देऊ नका.

आता पडदा. सगळी बटणं काढून एक मोठी काच बसवणं म्हणजे चैन, हे आपल्या गळी उतरवलं गेलं आहे. कंपनीला मात्र वेगवेगळी बटणं करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. ‘व्ही बिलेगारे’ या स्वीडनच्या मोटार मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्वोत ठरवून दिलेली चार कामं १० सेकंदांत झाली. एका नव्या पडदेवाल्या गाडीत त्यांना ४४.६ सेकंद लागले. तेवढ्या वेळात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. एवढ्या अंतरात मुंबई–पुणे द्रुतगतीवर काय काय आडवं येऊ शकतं, ते रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. २०२६ पासून गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेलाही पाच तारे देण्यासाठी इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि मदतीचं बटण हाताला लागेल असं हवं आहे. तुम्ही एसीसुद्धा त्यात जोडा. न बघता गार करता येत नसेल, तर ती गाडी नागपूरच्या मे महिन्यासाठी बनलेली नाही.

नागपूरचं निघालंच आहे तर काचेचं छत आणि हवा सोडणारी सीट यांत एकच मिळणार असेल, तर सीट घ्या. पाठ कोरडी राहणं हे आपल्याकडे खरं सुख आहे. काचेच्या छताचा पडदा वर्षातले आठ महिने ओढलेलाच असतो.

स्टेपनीचं विचाराच. अनेक महागड्या गाड्यांत ती नसतेच, त्याऐवजी रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावर ते साधारण ८० किलोमीटर, तेही ८० च्या वेगाने नेतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. शिवाय या टायरच्या बाजू कडक असल्याने खड्ड्यातला प्रत्येक दणका मणक्यापर्यंत पोचतो. चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल मुंबईतल्या माणसाने कशासाठी घ्यायचं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. तेच पैसे आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेवर घाला. लेन धरून चालवणारी यंत्रणा आपल्याकडे पट्टे पुसलेल्या रस्त्यावर गोंधळते, पण पुढचा ट्रक अचानक थांबल्यावर लागणारा ब्रेक इथेही कामाला येतो.

मग पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी सरसकट ४० टक्के आहे. आधी उपकर धरून तो ५० पर्यंत जायचा. विजेच्या गाडीवर ५ टक्के. त्यावर महाराष्ट्राचा वाहनकर: स्वतःच्या नावावर २० लाखांपुढची पेट्रोल गाडी असेल तर १३ टक्के, डिझेलला १५, कंपनीच्या नावावर २०. म्हणजे ७५ लाखांची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर पावणेदहा लाख, कंपनीच्या नावावर १५ लाख. ‘कंपनीच्या नावावर घ्या, सगळं खर्चात टाकता येतं’ असं सांगणारे सल्लागार हे सव्वापाच लाख सहसा आधी सांगत नाहीत. जीएसटी परत मिळेल, हेही खरं मानू नका. भाड्याने गाड्या देणं किंवा प्रवासी वाहतूक हा तुमचा धंदा नसेल, तर प्रवासी गाडीवरची ती वजावट कायद्यानेच बंद आहे.

कर्ज म्हणाल, तर ६० लाख, ९ टक्के, सात वर्षं असा हिशेब धरा. हप्ता सुमारे साडेशहाण्णव हजार, आणि नुसतं व्याज २१ लाख. विम्याच्या तक्त्यात तीच गाडी चार वर्षं उलटली की पन्नास टक्के घटलेली धरतात.

लीज म्हणूनच मोहात पाडते. डाउन पेमेंट जवळपास नाही, विमा आणि सर्व्हिसिंग अनेकदा हप्त्यातच, आणि तीन-चार वर्षांनी गाडी परत. दर चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्या डॉक्टरला, वकिलाला हे सोयीचं आहे; खर्च थेट हिशेबात धरता येतो आणि जुनी गाडी विकण्याची कटकट राहत नाही. पण करारातले तीन आकडे सहीआधी मोठ्याने वाचून घ्या: वर्षाला किती किलोमीटर, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला किती, आणि मध्येच सोडली तर किती. पुण्यात राहून आठवड्याला दोनदा मुंबई गाठणाऱ्याचे वर्षाला तीस हजार किलोमीटर सहज होतात, आणि लीज पंधरा हजारांची गळ्यात मारली जाते. गाडी लीजिंग कंपनीच्या नावावर असते, तेव्हा वाहनकर कोणत्या दराने हप्त्यात बसवला आहे, तेही विचारा. दहा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्याने लीजच्या वाटेला जाऊच नये.

आणि घासाघीस करा. एवढी महाग गाडी घेताना भाव करणं कमीपणाचं वाटतं म्हणे! २०१० साली औरंगाबादकरांनी एकजूट करून दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि स्टेट बँकेकडून कर्जही सवलतीच्या व्याजाने घेतलं. त्या माणसांना पैशांची तंगी नव्हती, त्यांना पैशांची किंमत कळत होती. शोरूमकडून विमा घेण्याची सक्ती नाही, हे लक्षात ठेवा. बाहेरचा भाव काढा. मुंबईत, कोकणात गाडी वापरणार असाल तर इंजिन प्रोटेक्शन घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करताना इंजिन गेलं, तर साधी पॉलिसी हात वर करते. छापील सवलत सोडून आणखी काही मिळणार असेल, तर आधी मागच्या सीटसाठी मागा: मुलाची चांगली सीट, मग वाढीव वॉरंटी, चौथ्या-पाचव्या वर्षाची सर्व्हिसिंग.

डिलिव्हरीच्या दिवशी हार घाला, नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा. मग ड्रायव्हरला समोर बोलावून सगळ्यांच्या देखत सांगा, की मागच्या सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही, साहेब फोनवर बोलत असले तरी, उशीर झाला म्हणून ओरडले तरी. यावरून त्याचा एक रुपया पगार कापला जाणार नाही, हेही त्याच वेळी सांगा.