ग्रॅमराव

ग्रॅमराव आमच्या सोसायटीचे खजिनदार. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता मेंटेनन्सच्या पावतीवरच्या सहीपुरतं उरलंय. बँकेतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशातून त्यांनी सव्वा लाखाचा लॅपटॉप घेतला. तेव्हापासून ते कोणालाही भेटले की नमस्कारानंतर लगेच वजन सांगतात. "९८५ ग्रॅम. चार्जर सोडून." कंपनीच्या आकड्यावर विश्वास ठेवणं बँकेच्या माणसाच्या रक्तात नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांनी तो तोलून घेतला. ९९१ भरला. भाजीवाला म्हणाला, "राहू द्या साहेब, सहा ग्रॅम माझ्याकडून." त्या संध्याकाळी ग्रॅमराव नखाने की-बोर्डशेजारचे स्टिकर खरवडत बसले होते.

ग्रॅमरावांचं स्वतःचं वजन ९२ किलो. लॅपटॉपचा रोजचा प्रवास बेडरूम ते बाल्कनी आणि बाल्कनी ते जेवणाचं टेबल. एवढ्या मजलीला दोन किलोचाही चालला असता, असं कोणी म्हणालं तर ते त्या माणसाकडे फार करुणेने बघतात. बाहेर निघताना मात्र चार्जर, एचडीएमआयचं अडॅप्टर, यूएसबीचा हब, माउस, हार्ड डिस्क, फडकं आणि मऊ अस्तराची पिशवी असा सगळा लवाजमा बॅगेत भरावा लागतो. ती बॅग मी एकदा उचलून पाहिली आणि परत खाली ठेवली.

स्टीव्ह जॉब्ज यांची गोष्ट ते कीर्तनातल्या आख्यानासारखी रंगवून सांगतात. जानेवारी २००८, सॅन फ्रान्सिस्को, मंचावर खाकी लिफाफा, आणि त्यातून निघालेला पहिला मॅकबुक एअर! तो १.३६ किलोचा होता, हे सांगताना ते किंचित हसतात. त्यांच्या हिशेबात तो गलेलठ्ठच. त्या लॅपटॉपला यूएसबीचं एकच छिद्र होतं, सीडी ड्राइव्ह नव्हता आणि रॅम बोर्डावरच पक्की केलेली होती, हा भाग आख्यानात येत नाही. खरं तर पुढच्या सगळ्या बारीक लॅपटॉपांची कुंडली तिथेच मांडली गेली होती.

या आख्यानाचा प्रयोग वार्षिक सभेत झाला. ग्रॅमराव हातात पिवळा लिफाफा घेऊन आले. वॉचमनला वाटलं, कोणाची तरी नोटीस आहे. त्याने तो घेऊन टपालाच्या खणात ठेवला. सोडवून आणण्यात दहा मिनिटं गेली. मग लॅपटॉप सर्वांसमक्ष बाहेर निघाला, एका बोटाने झाकण उघडून दाखवण्यात आलं (चांगल्या बिजागरीची म्हणे हीच परीक्षा), आणि प्रोजेक्टरची केबल पुढे आली. ती घुसणार कुठे? दोन्ही बाजूंना नुसती टाइप-सीची बारीक फट. अडॅप्टर बॅगेत, आणि लिफाफ्याचा प्रयोग असल्यामुळे बॅग घरी. शेवटी सेक्रेटरींनी आपला जुना जाडजूड लॅपटॉप आणला. त्याला सगळी छिद्रं होती. पाण्याच्या टँकरचा खर्च त्याच्यावरच मंजूर झाला.

परफॉर्मन्स हा ग्रॅमरावांचा दुसरा विषय. रोज आंघोळ झाली की ते बेंचमार्क चालवतात आणि आकडा वहीत टिपतात. पहिल्या फेरीचा आकडा देखणा येतो, तिसऱ्या-चौथ्या फेरीला घसरतो. यात लबाडी काही नाही. सुरुवातीला चिप भरपूर वीज खाऊन पळते. मग तापते आणि स्वतःच वेग कमी करते. पातळ अंगात पंखा लहान, हवा खेळायला जागा कमी, उष्णता जाणार कुठे? त्यात मे महिन्यातलं पुणं. हवा आत घ्यायच्या फटी लॅपटॉपच्या पोटाला असतात, म्हणून तो जरा उंचावर ठेवावा हे ग्रॅमरावांनी वाचलं होतं. स्टँडवर त्यांना पैसे घालायचे नव्हते. घरात तीन पायांची, गोल, स्थिर वस्तू होतीच. गेले काही महिने सोसायटीचा हिशेब पोळपाटावर चालतो. साडेअकराला आतून वहिनींचा आवाज येतो, "अहो, द्या आता इकडे!" आणि एक्सेल बंद होतं.

सर्व्हिसचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे ग्रॅमरावांचं तेज काही और असतं. दुसऱ्याची वस्तू बिघडली की तो चिडतो. यांची बिघडली की हे फुलतात. डाव्या बाजूचं टाइप-सी मेलं, तेव्हा कंपनीने घरी माणूस पाठवून अख्खा मदरबोर्ड बदलला. छिद्र, प्रोसेसर, रॅम, सगळं एकाच पाटीवर डकवलेलं असल्याने आत सुटं काही मिळतच नाही. त्याचं बिल त्यांनी लॅमिनेट करून घेतलंय. वर नव्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या घरातला आकडा, खाली 'वॉरंटी' आणि एकूण रक्कम शून्य. पाहुण्यांना चहाच्या आधी ते दाखवतात.

मग टचपॅडचं क्लिक होईना. "नवीन तंत्र आहे, दाबावं लागतच नाही," असं त्यांनी आम्हाला आठवडाभर समजावलं. पुढे लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तेव्हा कुठे फोन केला. सर्व्हिसचा पोरगा आला. त्याने कागदावर लॅपटॉपची चौकट काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी मांडला, कारण लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर बोर्डालाच इजा होते. ग्रॅमराव टॉर्च धरून उभे. झाकण निघालं आणि खाली बॅटरी टम्म फुगलेली. "काका, चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवता का?" पोराने विचारलं. काका ठेवत होते; फुल्ल चार्ज बघितल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. कायम शंभर टक्के चार्ज आणि वर उष्णता, यात लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते आणि आत वायू धरते. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची, बॅटरीची एकाच वर्षाची. या वेळच्या बिलात शून्य नव्हतं. ते लॅमिनेट झालेलं नाही.

आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय त्यांनी सेटिंगमध्ये चालू केली आहे आणि आम्हा सर्वांना ती करायला लावली आहे, ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहेत त्यांनासुद्धा.

तुम्हाला असा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, वस्तू छानच असते. रॅम आधीच जास्त घ्या, बहुतेकांत ती नंतर वाढत नाही. दुरुस्ती घरी येऊन करतात का हे विचारा, आणि बॅटरीची वॉरंटी किती, हे वेगळं विचारा. ग्रॅमरावांना मात्र काही विचारू नका. विचारणारच असाल तर रविवारची अख्खी सकाळ हाताशी ठेवा आणि साडेअकराच्या आत निघा.